व्हिजिटर पार्किंगमधलं वाळवंट

आकृती १. टेम्पो, समोरून.
(चित्रात चाकांखाली दिसणाऱ्या अकरा मांजरी टेम्पोचा भाग नाहीत.)

ही सूचना गुरुदत्त प्रधानने स्वतःच्या सुबक अक्षरात आकृतीखाली लिहिली होती. बावीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: कागदावर जे दिसतं ते कुणीतरी बनवून मोकळं होतं. तळोज्याच्या ज्या कारखान्यात तो नोकरीला होता तिथे कपाटांच्या बिजागऱ्या बनत. त्याने काढलेली बिजागरी निम्म्या नव्या पनवेलच्या स्वयंपाकघरांत असेल, पण कपाट उघडताना कुणी क्षणभर थांबून बिजागरीकडे पाहिल्याचं त्याच्या कानावर आलेलं नव्हतं.

मांजरी आल्या टेम्पोच्या वासामुळे, आणि टेम्पो आला किशोरीमुळे.

किशोरी उरणजवळच्या करंजाची. तिचा नवरा दादू होडी घेऊन समुद्रात जाणार आणि ती स्वतः पिकअप टेम्पो चालवत मासळी पनवेलच्या बाजारात आणणार, अशी त्यांच्या घरातली वाटणी होती. मे महिन्यातल्या एका रविवारी गुरुदत्तने तिच्या पाटीतलं पापलेट उचललं आणि चष्मा वर केला.

"हे असं का दिसतंय? कुणी बसलं होतं का याच्यावर?"

"रस्ता बसलेला," किशोरी म्हणाली. "जासईपासून इथवर निस्ते खड्डे हायत. पुढची चाकं आपटतात नि माशांची पोटं फुटतात. घ्यायचंय का नाय? दाबून दाबून आणखी मऊ करू नका."

दुसरा कुणी असता तर सुरमई घेऊन घरी गेला असता. पण गुरुदत्त गेले सहा महिने रोज जेवताना फोनवर वाळवंटातल्या ट्रकांच्या शर्यती बघत होता. ताशी दीडशेच्या वेगाने ट्रक उंचवट्यांवरून जायचा, पुढची चाकं हात हातभर वर-खाली व्हायची आणि त्यांच्या वरचं बॉनेट देवघरातल्या समईसारखं स्थिर. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आमटी त्याच्या वाटीतच राहिली. ट्रक चालवणाऱ्याकडे त्याने नंतरही कधी पाहिलं नाही. तो फक्त चाकाला धरणाऱ्या दोन लांब हातांकडे बघायचा, एक वरचा, एक खालचा, आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या स्टीअरिंगच्या रॉडकडे.

"मी बदलून देतो," असं कुणीतरी म्हणाल्याचं त्याला ऐकू आलं. आवाज त्याचाच होता. "तुमच्या टेम्पोचा पुढचा भाग. जून-जुलै मासेमारी बंदच असते ना? टेम्पो उभाच असणार."

किशोरीने तिथूनच दादूला स्पीकरवर फोन लावला. दादूने बराच वेळ ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं:

"नेऊ दे. पण एक ऑगस्टला भरतीच्या आधी बर्फ जेट्टीवर पायजे. बर्फ नाय तर होडी नाय, नि होडी नाय तर आमी घरात बसून काय तुमचे नटबोल्ट खायचे?"

"शब्द दिला," गुरुदत्त म्हणाला. घरी परतताना त्याच्या लक्षात आलं की आपण मासे घ्यायचे विसरलो.

*

शिवनेत्र सहकारी गृहनिर्माण संस्था
सूचना
व्हिजिटर पार्किंग हे व्हिजिटरसाठी आहे. व्हिजिटर म्हणजे जो येतो आणि जातो. मासळीचा वास असलेलं एक वाहन आलं आहे, पण जात नाही. संबंधितांनी खुलासा करावा.
– कृष्णकांत ताम्हणे, सेक्रेटरी

संबंधितांनी खुलासा केला. तो फुलस्केपच्या चार पानांचा होता, त्यात दोन आकृत्या होत्या, आणि त्याचा परिणाम असा झाला की कृष्णकांत ताम्हणे स्वतः खाली आले. ताम्हणे वाईट माणूस नव्हते. निवृत्त झाल्यापासून सही करण्यासाठी त्यांना दुसरी जागाच उरली नव्हती, इतकंच.

"प्रधान, वाळवंटातल्या ट्रकसारखं करताय असं लिहिलंय तुम्ही. आपल्याकडे वाळवंट कुठेय?"

"गव्हाणहून जासईपर्यंत एकदा जाऊन या."

ताम्हणे जाऊन आलेले होते. ते थोडे नरमले. पण नियम म्हणजे नियम. टेम्पो इथे सुरू करून कुणी चालवला आणि एखादं मूल मध्ये आलं तर? अनामत म्हणून काहीतरी ठेवावं लागेल. बराच विचार करून समितीने ठरवलं की टेम्पोचं स्टीअरिंग व्हील काढून सोसायटीच्या ऑफिसात जमा करावं. स्टीअरिंगशिवाय टेम्पो कुठे जाणार? गुरुदत्तला अट एकदम पटली. त्याला चाकं वर-खाली करायची होती, डावी-उजवी नव्हे. व्हील जमा झालं, त्याची पावती मिळाली ("गोल वस्तू, काळी, नग १"), आणि ते ऑफिसच्या भिंतीवर, दिवंगत सभासदांच्या फोटोंशेजारच्या खिळ्यावर लटकू लागलं. दोन दिवसांनी कुणीतरी त्याला हारही घातला.

इथे गोष्टीतली मोठी चूक होऊन गेली. ती कुणालाच दिसली नाही, म्हणून आपणही पुढे जाऊ.

*

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टेम्पोचे पुढचे जुने स्प्रिंगचे पाटे सुटे झाले. जासईच्या बुधाजीने नवे हात वेल्डिंग करून दिले. बुधाजीचं काम एरवी कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरचं, त्यामुळे त्याच्या हाताला लहान वस्तू करायची सवय नव्हती. गुरुदत्तने ड्रॉइंगमध्ये पाइपची जाडी तीन मिलिमीटर लिहिली होती.

"तीन कशाला, आठ लावलाय," बुधाजी म्हणाला. "तुमचा टेम्पो मोडंल, पन ह्यो हात नाय मोडायचा."

टेम्पोच मोडला तर हात घेऊन काय करायचं, हा प्रश्न गुरुदत्तने गिळला. बुधाजीशी वाद घालून आजवर कुणी जासईहून वेळेत परतलेलं नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले. पार्किंगमध्ये कुणी टेम्पोखाली आडवा दिसला की त्याला सल्ला लागतो, अशी नव्या पनवेलची समजूत आहे. दुसऱ्या मजल्यावरचा निनाद कॉम्प्युटरमधला. त्याने सुचवलं की एकदा सगळं काढून पुन्हा लावून बघा. त्याची आई सई शनिवारी खाली उतरली आणि टेम्पोचं तोंड दक्षिणेला असल्याचं तिने शांतपणे दाखवून दिलं. पाचव्या मजल्यावरून कुणीतरी रोज एकच प्रश्न ओरडून विचारायचं: "झालं का?" गुरुदत्त टेम्पोखालून "नाही" म्हणायचा. तो टेम्पोखाली नसला तरी प्रश्न यायचा. मग एखादी मांजर वर बघायची.

*

अर्ज क्रमांक ——
वाहनातील बदलाचे स्वरूप: ——

वाहनांची नोंद ठेवणाऱ्या ज्या कार्यालयात गुरुदत्त रजा टाकून गेला तिथला खिडकीमागचा माणूस सौम्य होता.

"रंग बदलला?"

"नाही."

"गॅस बसवला? छत कापलं?"

"नाही. चाकाचा वर-खाली जायचा मार्ग बदललाय. आधी तो असा होता," गुरुदत्तने खिडकीच्या काचेवर बोटाने रेघ काढली, "आता असा कमानीसारखा आहे."

त्या माणसाने काचेवरच्या वाफेतली कमान पाहिली. मागे रांगेत तेवीस माणसं होती. "म्हणजे चाक आधी जिथे जायचं तिथे आता जात नाही?"

"बरोबर."

"मग पत्ता बदलला असा फॉर्म भरा ना. खिडकी चार."

खिडकी चारवर जेवणाची सुट्टी होती. गुरुदत्तने तपासणीचा योग्य फॉर्म तिसऱ्या खेपेला मिळवला, त्याचं पान फ्रेम करण्याइतक्या काळजीने भरलं, आणि तपासणीची तारीख मिळाली जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली. तपासणीला आलेल्या साहेबांनी वेल्डिंगवर हातोडी मारून पाहिली. आठ मिलिमीटरचा पाइप देवळातल्या घंटेसारखा वाजला. साहेब खूश झाले. स्टीअरिंग कुठेय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ताम्हण्यांनी पावती दाखवली. बसवल्यावर पुन्हा दाखवायला आणा, असं लिहून ते गेले.

*

आकृती ७. दोन वर्तुळं. (काढणार: अ. गु. प्रधान)

ही आकृती गुरुदत्तची नव्हे. त्याला ती मान्य करायला चार दिवस लागले.

झालं असं की जॅक लावून पुढचं चाक वर उचललं की ते वर जाताना हळूच आत वळायचं, आणि खाली येताना बाहेर. कुणी न वळवता. म्हणजे प्रत्येक खड्ड्यात टेम्पो आपल्या मनाने बाजूला बघणार. गुरुदत्तने सात रात्री आकडेमोड केली. आठव्या दिवशी सकाळी त्याची बायको अरुंधती, जी शाळेत नववीला भूमिती शिकवते, पोळ्या लाटता लाटता म्हणाली:

"गुरू, तुझा हात एका बिंदूभोवती फिरतो ना? आणि रॉड दुसऱ्या बिंदूभोवती?"

"अरू, हे सस्पेन्शन आहे. नववीचा पेपर नाही."

तिने पोळपाटावरच्या पिठात लाटण्याच्या टोकाने दोन कमानी काढल्या. एक मोठी, एक छोटी. सुरुवातीला जवळ, पुढे लांब लांब जाणाऱ्या. "रॉड आखूड आहे. त्याची कमान छोटी, हाताची मोठी. चाक वर गेलं की रॉड त्याला आत ओढणारच. रॉडही हाताएवढा लांब कर आणि दोघांचे आतले बिंदू एका ओळीत आण. माझ्या वर्गातली आभा हे सांगेल, आणि तिला सदतीस मार्क आहेत."

बावीस वर्षांच्या अनुभवाला सदतीस मार्कांची आभा सांगणार, हे कुणालाही लागलं असतं. गुरुदत्त न खाता ऑफिसला गेला. ऑफिसात त्याने तीच दोन वर्तुळं बिजागरीच्या कागदाच्या मागच्या बाजूला चार वेळा काढली, या आशेने की एकदा तरी ती वेगळी येतील.

रॉड लांब करायचा तर तो चाकांच्या आसामागे मावेना. इंजिन आड येत होतं. मग गुरुदत्तला एक युक्ती सुचली, पूर्णपणे स्वतःची. त्याने चाकांना वळवणारे तुकडे डावीकडचे उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे लावले, आणि रॉड आसाच्या मागून काढून पुढे आणला. वाळवंटातल्या कित्येक ट्रकांना तो पुढेच असतो. सुरेख मावला. चाक हातभर वर गेलं, हातभर खाली आलं, आणि केसभरही वळलं नाही. मांजरी उठून बाजूला झाल्या. अरुंधतीने मान डोलावली. पाचव्या मजल्यावरून आवाज आला, "झालं का?" आणि गुरुदत्त पहिल्यांदाच म्हणाला, "झालं."

*

एकतीस जुलै, सकाळी दहा. समारंभपूर्वक स्टीअरिंग परत. हार काढण्यात आला. पावतीवर सही, तारीख, वेळ.

दादू आणि किशोरी करंजाहून आले होते. सईने चाकांपुढे लिंबं ठेवली, ताम्हण्यांनी नारळ फोडला. किशोरी चढून बसली, तिने टेम्पो सुरू केला आणि गेटकडे जायला स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं.

टेम्पो डावीकडे गेला.

फार जोरात नव्हे. मानाने, पाहुणा चुकीच्या घरी शिरतो तसा. त्याने सोसायटीचा नोटीस बोर्ड अलगद टेकवून आडवा केला. किशोरीने घाईने आणखी उजवीकडे फिरवलं, तेव्हा तो आणखी डावीकडे गेला आणि मीटर रूमच्या दारात थांबला.

आठ मिलिमीटरच्या पाइपला ओरखडाही नव्हता.

गुरुदत्तच्या डोळ्यांपुढे दोन वर्तुळं नव्हती. एक रॉड होता, जो आसाच्या मागे असताना डावीकडे ढकलला तर चाकं उजवीकडे वळतात, आणि पुढे असताना डावीकडे ढकलला तर डावीकडे. सात आठवडे व्हील भिंतीवर हार घालून लटकलं होतं. ते एकदा, फक्त एकदा फिरवलं असतं तर.

"उतरा, मी बघतो," तो किशोरीला म्हणाला. त्याला नेमकं काय होतंय ते कळत होतं, म्हणून आपल्याला जमेल असं त्याला वाटलं. कळणं आणि जमणं यांत साधारण बारा फुटांचं अंतर असतं. टेम्पो ताम्हण्यांच्या स्कूटरपासून एक वीत आधी थांबला.

"आरशात बघून चालवा," निनाद म्हणाला.

"मागे तोंड करून बसलं तर?" सई म्हणाली.

आतापर्यंत न बोललेला दादू पुढे आला. "सरका," म्हणाला. त्याला गाडी चालवताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तो बसला, आणि टेम्पो पहिल्या गिअरमध्ये पार्किंगच्या खांबांमधून साप जावा तसा गेला, स्पीडब्रेकरवरून आला, पुन्हा वळला आणि अगदी जागच्या जागी थांबला.

"असाच तर असतोय," तो खाली उतरत म्हणाला. "सुकाणूचा दांडा इकडं दाबला की होडी तिकडं. चांगलं केलंय साहेबांनी."

हे गुरुदत्तच्या कामाचं बावीस वर्षांतलं पहिलं कौतुक होतं, आणि ते चुकीच्या गोष्टीचं होतं.

"मंग उद्यापासून तू मासे घेऊन पनवेलला येत जा," किशोरी म्हणाली. "मी होडी घेऊन जाते."

दादूने यावर विचार केला आणि तो टेम्पोपासून लांब जाऊन उभा राहिला.

"भरती किती वाजता?" गुरुदत्तने विचारलं.

"उद्या साडेसातला. बर्फ न्हेला नाय तर बाकीच्या होड्या जातील नि आमी बघत बसू. पयल्या फेरीचं चुकलं की ती फेरी परत मिळत नाय, साहेब. दोन महिने बसून हाव."

दादू रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. जुने पाटे बुधाजीने केव्हाच कापून ट्रेलरला लावले होते, त्यामुळे मागे फिरायची वाटही नव्हती. गुरुदत्त टेम्पोच्या पायरीवर बसला.

अरुंधती त्याच्या शेजारी येऊन बसली. तिने आडव्या पडलेल्या नोटीस बोर्डावरचा खडू उचलला आणि फरशीवर एक आडवी रेघ काढली, मधोमध ठिपका.

"मध्ये एक दांडा घाल," ती म्हणाली, "मध्यावर खिळलेला. स्टीअरिंग त्याचं एक टोक डावीकडे ढकलेल, दुसरं टोक उजवीकडे जाईल. रॉड त्या दुसऱ्या टोकाला."

गुरुदत्त रेघेकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "वाळवंटातल्या ट्रकांना असा दांडा असतो. मला वाटायचं उगाच आहे."

"दांडा बुधाजी करेल. पण मध्यावर न डगमगणारी खीळ हवी, आणि ती ज्यात फिरते तो बुश, दणके सोसणारा. एका दिवसात कुठून आणणार?" तिने विचारलं.

*

आपत्कालीन सभा. स्थळ: मीटर रूमसमोर. वेळ: सकाळी ११.२०.
उपस्थिती: १९ सभासद, २ पाहुणे, मांजरी.
विषय १: बागेतला सी-सॉ तीन वर्षांपासून दुरुस्तीअभावी बंद आहे. त्याची मधली खीळ, बुश व बैठक श्री. प्रधान यांना देणे.
चर्चा: श्रीमती सई यांनी मुलं काय खेळणार, असे विचारले. मुले सध्या टेम्पो बघतात, असे सेक्रेटरींनी सांगितले.
ठराव: एकमताने मंजूर. अनामत घेऊ नये, असे सेक्रेटरींनी स्वतः सुचवले.

ताम्हण्यांनी इतिवृत्त लिहून पेनाचं टोपण लावलं. "व्हील मी लटकवायला नको होतं," ते म्हणाले.

"मीही द्यायला नको होतं," गुरुदत्त म्हणाला. दोघांचं तेवढ्यावर मिटलं.

बुधाजी दुपारी वेल्डिंगचं मशीन घेऊन आला. सगळ्या स्कूटर हलवल्या गेल्या. सी-सॉची खीळ मनगटाएवढी जाड निघाली. ती बघून बुधाजी पहिल्यांदाच एखाद्या वस्तूबद्दल "भारी हाय" म्हणाला. मधला दांडा त्याने बारा मिलिमीटरचा केला. संध्याकाळी पाचला गुरुदत्तने व्हील उजवीकडे फिरवलं. चाकं उजवीकडे वळली. मग जॅक लावून चाक हातभर वर, हातभर खाली. वळलं नाही. मग पुन्हा व्हील. मग पुन्हा जॅक. हे त्याने सोळा वेळा केलं. सहा वाजायच्या आत ताम्हण्यांच्या ओळखीने ते तपासणीचे साहेब घरी जाता जाता आले, त्यांनीही व्हील फिरवलं, बारा मिलिमीटरवर हातोडी मारली आणि कागदावर सही केली.

*

एक ऑगस्टला पहाटे पनवेलजवळच्या बर्फाच्या कारखान्यावर टेम्पो भरला. बर्फाच्या बारा लाद्या, भुशात आणि ताडपत्रीखाली. किशोरी चालवत होती, शेजारी अरुंधती. गुरुदत्त मागे लाद्यांजवळ बसला. पुढे बस म्हणून दोघींनी सांगितलं, पण त्याने ऐकलं नाही.

पहिल्या मोठ्या खड्ड्याला त्याने डोळे मिटले. धप्प असा मऊ आवाज आला, बस. दुसऱ्याला त्याने एक डोळा उघडा ठेवला. पुढे तो वाकून खाली बघू लागला: चाक खड्ड्यात उतरायचं, वर यायचं, आणि टेम्पोचं नाक समुद्राच्या दिशेने सरळ. कंटेनरच्या रांगेत थांबलेला एक ट्रेलरवाला खिडकीतून मान बाहेर काढून त्या चाकांकडे बघत राहिला. गुरुदत्तने त्याला हात केला. त्याची पँट बर्फाच्या पाण्याने पार भिजली होती, आणि त्याला ते करंजा येईपर्यंत कळलं नाही.

जेट्टीवर साऱ्या होड्या एकदमच निघायच्या होत्या. दादूने ताडपत्री वर केली. बारा लाद्या, साऱ्या अखंड. त्याने एकीवर हात फिरवला, दुसरीवर फिरवला. गुरुदत्त वाट बघत होता.

"किशोरी, ही आख्खी हाय."

"हाय मंग."

"आख्खी भरू कशी होडीच्या खणात? दरसाल रस्त्यातच भुगा व्हायचा. फोडायच्या मशीनपुढं बघ, तीस जण हायत. अर्ध्या तासात भरती."

मग किशोरीने होडीतून दोन लाकडी मोगऱ्या काढल्या आणि एक गुरुदत्तच्या हातात दिली.

"ह्यो कोण?" शेजारच्या होडीतून कुणीतरी विचारलं.

"टेम्पोचा इंजिनेर," किशोरी म्हणाली. "पुढची चाकं त्यानंच केलीत. बर्फ फोडायला आणलाय."

शेजारच्या होडीतला माणूस उडी मारून खाली आला, टेम्पोपुढे उकिडवा बसला आणि चाकामागे हात घालून बघू लागला. गुरुदत्तला त्याला एकेक भाग समजावून सांगावासा वाटत होता, वेळ नव्हता. त्याने मोगरी मारली. दुसरी अरुंधतीने घेतली. दोघे भराभर फोडत गेले, दादू आणि खलाशी पाट्या भरून खणात ओतत गेले, आणि पाणी जेट्टीच्या पायऱ्या एकेक करून चढत गेलं.

शेवटची लादी उरली तेव्हा गुरुदत्त थांबला.

"अरू, हा कोपरा बघ."

कोपरा टोकदार होता, कारखान्यातून निघाला तसा. जासईच्या रस्त्यावरून तो तसा याआधी कधी आला नव्हता. अरुंधतीने धापा टाकत वाकून पाहिलं, ओल्या बोटाने दोन्ही कडा चाचपल्या.

"नव्वद अंश," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

मग त्याने मोगरी उचलली.